मास्तरीणबाईंची उन्हाळी सुट्टी

"मास्तर लोकांची मजा आहे बुवा! मे महिना घरी बसून पगार." दारव्ह्याच्या बसस्थानकावर, चहाच्या टपरीवर आणि आमच्या कार्यालयातही हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. खरे सांगायचे तर पूर्वी मीही त्याला मान डोलावीत असे. माझी सहचारिणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि मी कारकून. तिला सुट्टी, मला नाही. त्यामुळे थोडा हेवा वाटायचाच. २०२५ च्या उन्हाळ्यात मात्र तिची सुट्टी मी नीट डोळे उघडून पाहिली आणि माझा हेवा पार निघून गेला.

१ मे रोजी महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन झाले, मुलांच्या हाती निकाल पडले आणि शाळेला कुलूप लागले. आपल्या विदर्भात ऊन कडक म्हणून शाळाही इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी बाई पिशवी घेऊन बाहेर पडल्या. माझी म्हातारी आई ओट्यावर बसून म्हणाली, "सुट्टी लागली म्हन्ते, अन् हे तं घरी दिसतच नाही!"

पिशवीत काय होते? वस्तीतल्या सात मुलांचे कागद.

कागदाअभावी गेलेले वर्ष

या पिशवीमागे आमच्याच घरची एक सल आहे. काही वर्षांपूर्वी माझा भाचा बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. त्याला अभियांत्रिकीला जायचे होते. जातीचा दाखला होता, पण पडताळणीचे प्रमाणपत्र नव्हते. निकाल लागल्यावर आम्ही धावपळ सुरू केली. आजोबांच्या दाखल्यावर आडनाव एक, वडिलांच्या दाखल्यावर दुसरे. त्रुटी निघाली, ती दूर करेपर्यंत मुदत संपली. मुलाचे वर्ष गेले आणि मग शिक्षणावरून मनही उडाले. आज तो पुण्याला एका गोदामात कामाला आहे. कार्यालयातली दिरंगाई होतीच, नाही असे नाही. पण आमचा दोष त्याहून मोठा होता. मी बी.कॉम. झालेला माणूस, दिवसभर दुसऱ्यांच्या फायली नीट लावतो आणि बहिणीच्या मुलाची फाईल मला दोन वर्षे आधी सुचली नाही. बहीण काही बोलली नाही. तेच जास्त लागते.

तेव्हापासून आमच्या घरी नियम झाला : मुलगा दहावीत गेला की त्याच उन्हाळ्यात कागद गोळा करायचे. वाचकांच्या उपयोगासाठी थोडक्यात सांगतो. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आपले कुटुंब १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून राज्यात राहत होते, हे दाखवणारा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला असेल तर उत्तम. पण आपले किती आजोबा शाळेत गेले होते? अशा वेळी तहसील कार्यालयातल्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल, कामी येते. दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. त्याची पडताळणी यवतमाळला जिल्हा समितीकडे होते. २००० चा जो जात प्रमाणपत्र कायदा ऑक्टोबर २००१ पासून लागू झाला, त्याखाली हे सारे चालते. वडिलांचे किंवा सख्ख्या काकाचे पडताळणी प्रमाणपत्र असेल तर ते जरूर जोडावे, काम सोपे होते.

बाईंना यातले मर्म ठाऊक, कारण चुकीचा उगम शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्येच असतो. पहिलीत नाव घालताना बाप मजुरीवर असतो, शेजारचा कोणी नाव सांगतो आणि वेलांटी चुकते. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती होते. शाळा सुटली की ती फार अवघड. त्यात २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. पूर्वी ते मोठ्या शहरांपुरते होते, आता दारव्ह्याचा मुलगाही त्याच रांगेत आहे. संगणकाला गयावया समजत नाही. त्याला कागदच लागतो.

तीन दिवसांच्या तीन बातम्या

त्या मे महिन्यात बातम्यांनी घर भरून गेले होते. ७ मे पासून सीमेवरच्या कारवाईच्या बातम्या, १० मे ला शस्त्रसंधी. ज्यांची मुले सैन्यात आहेत, त्या घरांचे डोळे त्या चार दिवसांत लागले नाहीत. १२ मे ला वैशाख पौर्णिमा. विहारात त्रिसरण-पंचशील झाले, खीरदान झाले. १३ मे ला दहावीचा निकाल. आणि १४ मे ला राष्ट्रपती भवनात न्यायमूर्ती भूषण गवई यांनी सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली. दादासाहेब गवई यांचे चिरंजीव, अमरावतीच्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले. या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध. पुढे त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला ते निवृत्त झाले.

शपथ झाल्यावर ते आई कमलताईंच्या पाया पडले, ते दूरदर्शन संचावर पाहताना बाई म्हणाल्या, "अहो, त्याही शिक्षिका होत्या." मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या दहावीच्या मुलांना बोलावून त्यांनी एवढेच विचारले, "नगरपालिकेच्या शाळेतून दिल्लीपर्यंत रस्ता जातो. तुमचे कागद तयार आहेत का?"

नागपूरचा प्रवास

मे अखेरीस आम्ही सहकुटुंब नागपूरला निघालो. पहाटेची एस.टी., सोबत भाकरी, ठेचा आणि पाण्याच्या बाटल्या. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे भाडे, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आईला मोफत, अकरा वर्षांच्या मुलाचेही अर्धे. पूर्ण तिकीट माझे एकट्याचे! आई खिडकीपाशी बसून शकुंतला गाडीच्या आठवणी सांगू लागली. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी ती छोटी गाडी. तिचे १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले. आता गाडीच बंद आहे.

पाण्याची बाटली फिरत होती तेव्हा बाईंनी मुलांना दुसऱ्या एका उन्हाळी प्रवासाची हकिकत सांगितली. १९०१ च्या सुमारास बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे होते. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल. सुट्टीत त्यांच्याकडे जायचे म्हणून भाऊ आणि भाचे यांच्यासह ही मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नाही, कारण पत्र पोचले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. गाडीवान दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही मुलांनी स्वतः बैल हाकावेत आणि त्याने बाजूने चालावे या अटीवर. जवळ जेवण होते, पण रात्रभर कोणी प्यायला पाणी दिले नाही.

आमच्या मुलाने हातातली बाटली पाहिली आणि विचारले, "आई, मग ते तहानलेलेच झोपले?" त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या जवळ नव्हते. दीक्षाभूमीवर बोधिवृक्षाखाली तो नेहमीसारखा दंगा न करता बसला. नागपूरजवळ चिचोलीला शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. तिथे टाइपरायटरपाशी मी, एक कारकून, बराच वेळ उभा राहिलो.

घरोघरी येणारा कागद

परत आलो तर १६ जूनला जनगणनेची अधिसूचना निघाली. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७, आणि १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची नोंद. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही तीन कामे देता येतात. २०२४ साली आमच्याकडे २६ एप्रिलला मतदान होते, तेव्हाही शिक्षकच मतदान केंद्रांवर होते.

पण आपल्यासाठी महत्त्वाचा आहे तो रकाना. आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते अवघे २,४८७. १९५६ ची धम्मदीक्षा झाली आणि १९६१ ला हा आकडा २७ लाख ८९ हजारांवर गेला. २०११ ला तो ६५ लाख ३१ हजार होता. मात्र त्यांपैकी अनुसूचित जातीत नोंदले गेले सुमारे ५२ लाखच. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या आहेत. म्हणून धर्माच्या रकान्यात "बौद्ध" आणि जातीच्या रकान्यात दाखल्यावर असलेली अनुसूचित जात, या दोन्ही नोंदी स्पष्ट सांगाव्यात. एक सांगितली की दुसरी बुडते, हा गैरसमज आहे.

जूनच्या चौथ्या आठवड्यात शाळा उघडली. सात मुलांपैकी पाच जणांचे अर्ज दाखल झाले होते. दोघांच्या आजोबांची नोंद अजून सापडायची होती. बाई खडू घेऊन वर्गात गेल्या आणि ती पिशवी आता माझ्याकडे आली आहे. कोतवाल बुकाचा शोध मी घेतो आहे. आईवडिलांनो, येत्या उन्हाळ्यात लग्नाच्या पंगती जरूर उठवा, पण दोन दिवस मुलांच्या कागदांना द्या. आणि मे महिन्यात शिक्षक दिसले तर "मजा आहे" म्हणण्याआधी त्यांच्या पिशवीत काय आहे, ते विचारा.

जय भीम!