प्रश्न अवघड आला? घाबरू नका!

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो,

आपल्या लासलगावच्या मुलीही आता नर्सिंग शिकून परदेशी जायचं स्वप्न बघतात. अमेरिकेत परिचारिका व्हायचं तर 'एनक्लेक्स' ही परवाना परीक्षा द्यावी लागते. तिची धास्ती फार! पण ती चालते कशी हे कळलं, की निम्मी भीती जाते.

परीक्षा संगणकावर. प्रश्न ८५ ते १५०, वेळ ५ तास. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न साधारणपणे अवघड येतो, चुकलं की सोपा. त्यामुळे हुशार मुलीलाही पेपर अवघडच वाटतो. बाजार समितीत कांद्याची बोली चढली म्हणून शेतकरी घाबरतो का? तसंच हे! ८५ प्रश्नांवर परीक्षा थांबली, तरी त्यावरून पास-नापास कळत नाही.

मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. म्हणून उत्तर दिलं, की तो विषय संपला. श्वास सावकाश सोडायचा आणि पुढचा प्रश्न शांतपणे वाचायचा. ही सवय सरावातच लावा.

आणि पालकहो, ती बाहेर येताच "पेपर कसा गेला?" असं विचारू नका. तिला ते सांगताच येणार नाही. "चल, आधी जेवून घेऊ," एवढंच म्हणा.