पुलावरचा पॉइंट

होमगार्डच्या हातात काठी आणि गळ्यात शिट्टी. पिस्तूल नाही, वायरलेस बहुधा शेजारच्या हवालदाराकडे. तरीही गणपतीच्या दिवसांत दादर स्थानकाच्या पुलावर एखादी संशयास्पद वस्तू सगळ्यांत आधी दिसायची, तर त्यालाच दिसेल. कारण साहेबांची गाडी येते नि जाते, हा मात्र पॉइंट सोडत नाही.

2025 च्या अनंत चतुर्दशीच्या तोंडावर मुंबई वाहतूक पोलिसांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर धमकी आली होती: 34 गाड्या, 34 मानवी बॉम्ब, 400 किलो आरडीएक्स. धमकी बोगस निघाली, नोएडातून माणूस पकडलाही गेला. पण हे कळेपर्यंत बंदोबस्तावरच्या प्रत्येकाला ती खरी धरूनच उभं राहावं लागलं. त्याच गडबडीत मी पुलावर एका पॉइंटवर थांबलो होतो.

तिथे दोघं होती. पन्नाशीला टेकलेले एक मामा, एरवी रिक्षा चालवणारे, आणि घरी शिलाईकाम करणारी एक ताई. होमगार्ड ही काही पगारी नोकरी नव्हे; बोलावणं आलं की गणवेश चढवायचा, हजेरी लावायची, त्या दिवसाचा भत्ता घ्यायचा. दल मुंबईतलंच, 1946 सालचं. दंगलीत पोलिसांच्या मदतीला म्हणून उभं राहिलं.

"तोंडं बघत बसायचं नाही," मामा म्हणाले. "दाढी, टोपी, बुरखा बघणारा फसतो. हात बघायचे. येताना हातात पिशवी होती, जाताना का नाही?" फुलबाजारातल्या झेंडूच्या गोण्या कोणाच्या, कुठे टेकवलेल्या असतात, हे त्यांना पाठ. तीच गोणी चार हात पुढे सरकलेली दिसली की चौकशी. बूटपॉलिशवाला आणि गजरेवाली हे त्यांचे खरे खबरी; त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय मामांची ड्यूटी सुरूच होत नाही. दक्षता म्हणजे निम्मी ओळखपाळख, हे मला तिथे पटलं.

संध्याकाळच्या गर्दीत कठड्याला टेकलेली एक काळी सॅक ताईला दिसली. "ही बॅग कुणाची?" तिने तीनदा खणखणीत विचारलं. कोणी बोलेना. ती जवळ गेली नाही, काठीने ढोसलं नाही, वर काही झाकलंही नाही. मामांनी शिट्टी मारली आणि लोकांना नुसतं "हटा, हटा" न करता हात दाखवून दुसऱ्या जिन्याकडे वळवलं. हवालदार वायरलेसवर बोलायला मुद्दाम लांब गेला. बॉम्बशोधक पथकाला कळवायचं तेवढ्यात सॅकचा मालक सापडला. दहा पावलांवर, कानात इअरफोन घालून, व्हिडिओ बघत उभा होता! सॅक त्यालाच उघडायला लावली. आत डबा आणि चार्जर.

हात न लावण्यामागे मुंबईचा कडू अनुभव आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटीवर हल्लेखोरांनी सोडलेली स्फोटकांची बॅग प्रवाशांच्या सामानात उचलली गेली आणि त्या ढिगात आठवडाभर तशीच पडून राहिली. 3 डिसेंबरला ती सापडली. त्या हल्ल्यात प्राण गमावलेल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांत होमगार्ड मुकेश जाधवही होते. आणि त्याच स्थानकात उद्घोषक विष्णू झेंडे यांनी माइकवरून कुठल्या बाजूने बाहेर पडायचं हे सांगत राहून कितीतरी जीव वाचवले. मामांचं ते हात दाखवणं याच जातीचं काम. दादरलाही बॉम्बस्फोट परका नाही. 13 जुलै 2011 च्या स्फोटांपैकी एक इथल्याच कबुतरखान्याजवळ झाला.

एक गोष्ट मात्र खटकते. सकाळपासून उभ्या माणसाची नजर संध्याकाळपर्यंत बोथट होते, मग समोरची गोणी दिसूनही दिसत नाही. रिलीव्हर उशिरा येतो, कधी येतच नाही. अलर्टच्या दिवसांत कॅमेरे वाढवण्याच्या घोषणा होतात. पॉइंटवर दर दोन-तीन तासांनी माणूस बदलायची सोय त्याहून स्वस्त आणि माझ्या मते जास्त उपयोगाची.

बाकी वाचकांकडे मागणं एवढंच: पुलावर कोणी "ही बॅग कुणाची?" असं ओरडलं, तर इअरफोन काढा, मागे वळून बघा. बॅग तुमची असेल तर हात वर करा. नसेल तर तिच्यापासून लांब व्हा, आणि आसपास गणवेशातलं कोणी नसेल तर 112 ला फोन लावा.