मृगाचे बी आणि आडीचे बी : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील परसबाग व घरचे वर्ष



माझी आई साताऱ्याकडची. आयुष्यभर शेती केलेली. सहा वर्षांपूर्वी ती आमच्याकडे तिरुवैयारूजवळच्या गावात कायमची राहायला आली. त्याच वर्षी ७ जूनला, मृग लागला म्हणून, तिने परसात भेंडी, दोडका आणि वाल टाकला. आता पाऊस येईलच या भरवशावर पाणी बेताने घातले. पाऊस आला नाही. पश्चिमेचा कोरडा वारा मात्र सुटला आणि पंधरा दिवसांत रोपे करपली. पुढे टोमॅटो लावले, तर नोव्हेंबरात वाफ्यात तीन दिवस पाणी तुंबले आणि सगळ्या रोपांनी माना टाकल्या. त्यानंतर काही महिने आई परसात गेलीच नाही. "इथलं मला काही कळत नाही," एवढेच म्हणायची.

मी स्थापत्य अभियांत्रिकीला जलविज्ञान शिकवतो. फळ्यावर जलसंतुलनाचे समीकरण दरवर्षी लिहितो, पण घरच्या वाफ्याला ते कधी लावले नव्हते. या टिपणात आपण तेच करणार आहोत. तुम्ही कुठल्याही शाखेचे असा, गुणाकार-भागाकारापलीकडचे गणित यात नाही.

१. इथे पाणी दोन वाटांनी येते

महाराष्ट्रात नैऋत्य मोसमी पाऊस जूनमध्ये येतो आणि वर्षाचे बहुतेक पाणी तोच देतो. तंजावर पश्चिम घाटाच्या पर्जन्यछायेत आहे. जून-जुलैत इथे ऊन आणि वारा असतो, फार तर एखादी संध्याकाळची वळवासारखी सर. वर्षाचा पाऊस सुमारे हजार मिलिमीटर आणि त्यातला निम्मा किंवा अधिक ऑक्टोबर ते डिसेंबरात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो.

म्हणजे जूनचा पाऊस तंजावरला मिळतच नाही का? मिळतो, पण ढगातून नव्हे, नदीतून. तोच नैऋत्य मोसमी पाऊस कोडगूच्या डोंगरात पडतो आणि कावेरीतून खाली येतो. १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणात तो साठतो. धरणातून त्रिभुज प्रदेशासाठी पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून आणि बंद करण्याची २८ जानेवारी. तीन-चार दिवसांत पाणी कल्लणैला पोहोचते. हा करिकाल चोळाच्या नावाशी जोडलेला प्राचीन बंधारा. तिथून ते कावेरी, वेण्णार आणि ग्रँड अनिकट कालव्यात वाटले जाते आणि पुराचे जादा पाणी कोळ्ळिडममध्ये सोडतात.

तुमच्या परसबागेला कालव्याचे पाणी थेट मिळत नसेल. तरीही तिचा कालव्याशी संबंध आहे. पाट आणि भातखाचरे भरली की जमिनीत पाणी मुरते आणि घरच्या विहिरीची पातळी वर येते. जानेवारीअखेर पाणी बंद झाले की एप्रिलपर्यंत ती खाली जाते.

आणि ही तारीखही दरवर्षी पाळली जात नाही. २०२२ साली धरण २४ मे रोजीच उघडले, २०२४ साली थेट २८ जुलैला. दोहोंत दोन महिन्यांहून अधिक अंतर. म्हणून इथे तारीख पाहून पेरणारा फसतो, विहीर पाहून पेरणारा सहसा फसत नाही.

२. महिन्यांच्या नावांचा सापळा

तमिळ महिने सौर आहेत, आपले चांद्र. नावे सारखी वाटतात, काळ सारखा नसतो. तमिळ 'आडी' म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. आपला आषाढ त्याच्या बराच आधी सुरू होऊ शकतो. 'कार्तिगै' नोव्हेंबरच्या मध्याला लागतो, तोवर आपला कार्तिक सुरू झालेला असतो. आपली पावसाची नक्षत्रे मात्र सौरच आहेत, म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. दोन्हीकडचे शेतकरी सूर्यच पाहतात. फरक आहे तो त्या वेळी पाणी कुठून येते याचा.

इथली म्हण आहे : 'आडि पट्टम तेडि विदै', म्हणजे आडीचा हंगाम शोधून बी टाक. आपल्याकडे मृगाला जे स्थान, ते इथे आडीला.

३. परसातले वर्ष

(अ) आडी ते पुरट्टासी (जुलै मध्य ते ऑक्टोबर मध्य). नदीला पाणी आलेले, विहीर चढती. वांगी, भेंडी, गवार, दोडका, पडवळ, कारले, दुधी, भोपळा आणि मांडवावरचा वाल हे सगळे आता लावायचे. सुरुवातीला वारा जोराचा असतो. आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो, अशी इथे म्हण आहे. म्हणून मांडव आधी बांधायचा, मग बी टाकायचे. आडीच्या अठराव्या दिवशी, म्हणजे २-३ ऑगस्टच्या सुमारास, आडिप्पेरुक्कु असतो. बायका नदीकाठी पूजा करतात, घरून नेलेले चित्रान्न सगळे मिळून खातात. काही ठिकाणी धान्याचे अंकुर वाढवून नदीत सोडतात. आपल्या घटस्थापनेसारखीच ही रीत. घरच्या बियाण्याची उगवण पाहण्याची सोय म्हणूनही तिच्याकडे पाहता येते. नवी लग्न झालेली मुलगी या महिन्यात माहेरी येते, हेही आपल्याला परके नाही.

(आ) ऐप्पसी ते मार्गळी (ऑक्टोबर मध्य ते जानेवारी मध्य). मोठा पाऊस, वादळे. आता पाणी घालणे हे काम नसून पाणी काढून देणे हे काम असते. नवीन नाजूक रोपे लावू नयेत. वेल मांडवावर चढलेले असले की ते तग धरतात. मार्गळीत पहाटे दारात कोलम काढतात आणि शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचे पिवळे फूल खोवून ते मध्ये ठेवतात. घरात मुले असतील तर त्यांना नर आणि मादी फूल ओळखायला शिकवायची हीच वेळ. ज्या फुलाच्या मागे छोटा भोपळा आहे ते राहू द्यायचे, बाकीच्यातले तोडायचे.

(इ) तै ते पंगुनी (जानेवारी मध्य ते एप्रिल मध्य). पाऊस संपलेला, मातीत ओल, ऊन सौम्य. परसबागेचा सर्वांत सोपा काळ. टोमॅटो, मिरची, गवार, काकडी, पालेभाज्या आता लावाव्यात. शेतात भात उभे असतानाच उडीद आणि मूग फोकून टाकतात. भात कापल्यावर ही पिके उरलेल्या ओलीवर वाढतात. आडीत लावलेला वाल आता पोंगलला शेंगांनी भरतो. वेलाच्या जुन्या जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. तंजावर विषुववृत्तापासून जेमतेम ११ अंशांवर, त्यामुळे इथे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात सव्वा तासाच्या आसपासच फरक असतो. तेवढा फरकही वालाला कळतो. म्हणून तो लवकर लावून लवकर शेंगा मिळत नाहीत, नुसता पाला वाढतो.

(ई) चित्तिरै ते आनी (एप्रिल मध्य ते जुलै मध्य). ऊन कडक, विहीर खोल. बाग निम्मी करायची. शेवगा, कढीपत्ता, केळी आणि दारातली अबोली जगवायची. पंगुनीत जास्तीची गवार, मिरची वाळवायला घेतात ती आता उन्हात कडकडीत होते. ताकात मुरवून वाळवलेली मिरची इथेही घरोघरी करतात. वाळवण राखायला घरातली म्हातारी माणसे आणि सुट्टीतली मुले, हे दृश्य साताऱ्यात आणि तंजावरात एकच.

४. हिशोब : एक वाफा, दोन ऋतू

लक्षात ठेवा : १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. आपला वाफा २० चौ.मी. धरू.

उन्हाळा : चित्तिरैत जमिनीतून आणि पानांतून मिळून रोज सुमारे ६ मिमी पाणी उडते असे धरा.
२० × ६ = १२० लिटर रोज, म्हणजे १५ लिटरच्या ८ बादल्या.
तांदूळ, भाजी धुतल्याचे आणि विसळल्याचे पाणी दिवसाला ६० लिटर मिळत असेल, तर त्यावर १० चौ.मी.च बाग जगेल. उरलेल्या दहासाठी विहिरीतून चार बादल्या ओढणारे माणूस घरात कोण आहे, हा खरा प्रश्न. आमच्याकडे ते उत्तर 'आई' असे निघाले, म्हणून आम्ही वाफा निम्मा केला आणि उरलेल्यावर भाताच्या पेंढ्याचे आच्छादन घातले.

पावसाळा : कार्तिगैत एका दिवसात १०० मिमी पाऊस पडला असे धरा.
२० × १०० = २,००० लिटर.
चिकणमातीत पाणी मुरण्याचा स्थिर वेग ताशी १ ते ५ मिमी असतो. २ मिमी धरला तर १०० ÷ २ = ५० तास. म्हणजे दोन दिवसांहून अधिक काळ मुळांना हवा नाही. भूजल आधीच वर आलेले असेल तर याहूनही जास्त. टोमॅटो एवढे सोसत नाही. आईचे टोमॅटो याच कारणाने गेले, तिच्या हातून काही चुकले म्हणून नव्हे.

उपाय साधा आहे. २० ते २५ सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे, दोन वाफ्यांमध्ये चर आणि चराला परसाबाहेर जाणारा उतार. चर ऑक्टोबरच्या आधी साफ हवा. पट्टुक्कोट्टै, ओरत्तनाडू भागात माती हलकी, पाणी लवकर मुरते. तिथे गादीवाफ्याची गरज कमी आणि उन्हाळ्यातल्या शेणखताची गरज जास्त.

५. झाडे लावताना वाऱ्याचाही विचार करा

भाजी एका हंगामात परत लावता येते, झाड नाही. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आले आणि पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी पट्ट्यातल्या नारळबागा आडव्या झाल्या. उंच जातीच्या नारळाला फळ धरायला साधारण सहा-सात वर्षे लागतात, म्हणजे एका रात्रीत अनेक घरांची पुढची सहा-सात वर्षांची कमाई गेली. परसात नारळ किंवा शेवगा लावताना तो घराच्या छपरापासून आणि विजेच्या तारेपासून लांब ठेवा. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते. पावसाळ्यापूर्वी त्याच्या उंच फांद्या छाटा.

६. ज्ञान चुकले नव्हते

आईला हे सगळे गणिताने पटले नाही. पटले ते शेजारच्या पाटीमुळे. पाटी म्हणजे आजी. आडी लागल्यावर एके सकाळी त्या कुंपणापाशी आल्या, मूठभर वालाचे बी आईच्या हातावर ठेवले आणि विहिरीकडे बोट केले. पाणी दोन पायऱ्या चढले होते. आईने आमच्या वाफ्यातली माती मुठीत घेतली, दाबली, सोडली. ढेकूळ हलकेच फुटले. "वाफसा आलाय," ती म्हणाली. हा शब्द तिला साताऱ्याने दिला होता आणि तो तंजावरातही खरा होता.

हे स्थलांतर नवे नाही. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. १८५५ मध्ये राज्य गेले, पण मराठी घरे राहिली. त्यांच्या जेवणात उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पचडी आजही आहे, आणि उडीद तर इथले भातामागचे पीक. घरची चव टिकली, पिकाचे वेळापत्रक इथल्या पाण्याचे झाले.

मृगही वाया गेला नाही. हळद लावायची वेळ वैकासी-आनीत, म्हणजे मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत येते. आई आता दरवर्षी ७ जूनला विहिरीजवळच्या सावलीत हळदीचे कंद लावते, आणि रोज पाणी घालते, कारण पाऊस येणार नाही हे तिला माहीत आहे. सात महिन्यांनी पोंगलच्या सकाळी पानांसकट हळदीचे रोप नव्या भांड्याच्या गळ्याभोवती बांधतात. मागच्या पोंगलला पाटींच्या भांड्यालाही आमच्याच परसातली हळद होती.

सारांश

• ऋतूचे ज्ञान म्हणजे एका जागेच्या पाण्याचे ज्ञान. जागा बदलली की तारखा बदलतात, पाहण्याची पद्धत बदलत नाही.
• पेरण्याआधी तीन गोष्टी पाहा : विहिरीची पातळी, मातीचा वाफसा, पुढच्या दोन महिन्यांतला पाऊस व वारा.
• उन्हाळ्यात बागेचा आकार पाण्यावर आणि ते ओढणाऱ्या माणसावर ठरवा. पावसाळ्यात चर आधी, रोप नंतर.

स्वाध्याय

१. तुमच्या घरी एका दिवसात स्वयंपाकघरातून किती लिटर पुनर्वापरयोग्य पाणी निघते ते बादलीने मोजा. रोज ५ मिमी पाणी उडत असेल तर त्यावर किती चौ.मी. वाफा जगेल?
२. ३० सेंमी खोल खड्डा खणून पाण्याने भरा. ते पूर्ण मुरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी पातळी एका तासात किती उतरते ते मोजा. खड्ड्याच्या बाजूंनीही पाणी मुरते, त्यामुळे हा आकडा वाफ्यापेक्षा मोठा येईल. का, ते लिहा.
३. घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला विचारा : बी टाकायची वेळ झाली हे त्या कशावरून ओळखतात? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि त्यामागे कोणते पाणी आहे ते शोधा.