क्रोशाचे मांजर

क्रोशाच्या जाळीत मांजराची आकृती उठविणे अवघड वाटते. परंतु ते मुख्यतः मोजणीचे काम आहे. प्रथम चौकटींच्या कागदावर मांजर रेखाटावे व त्याच्या अंगातील चौकटी काळ्या कराव्यात. डोळ्यांच्या तेवढ्या कोऱ्या ठेवाव्यात. कोरी चौकट म्हणजे एक खांब व दोन साखळ्या. काळी चौकट म्हणजे तीन खांब. ओळीच्या शेवटी एक खांब अधिक लागतो. म्हणून २० चौकटींच्या ओळीत ६१ टाके होतात. प्रत्येक ओळ पुरी होताच ते मोजावेत. एक टाका चुकला, तरी आकृती सरकते.

ज्यांच्या घरी खरे मांजर आहे, त्यांनी मात्र दोऱ्याविषयी सावध असावे. मांजराच्या जिभेवरील काटे घशाकडे वळलेले असतात. त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला सहज थुंकता येत नाही. गिळलेल्या लांब दोऱ्याचे एक टोक जिभेखाली वा पोटात अडकले, की आतडी त्यावर चुण्यांसारखी गोळा होतात व प्रसंगी कापलीही जातात. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असल्यास तो ओढू नये. मांजराला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. याकरिता विणकाम थांबविताच दोऱ्याचा गुंडा व कापलेले तुकडे झाकणाच्या डब्यात ठेवावेत.