बग कुणी फॉरवर्ड केला?

एकच एक्सेल शीट ऑफिसात दहा जणांकडे फिरली की काय होतं, ठाऊक आहे ना? एकाकडून आकडा चुकतो आणि ती चूक पुढच्या प्रत्येक कॉपीत जाते. पुढचा आणखी एक स्पेलिंग बिघडवतो. नुसत्या चुका जुळवल्या तरी कळतं, फाइल कुणाकडून कुणाकडे गेली. हॉस्पिटलमधल्या जंतूंच्या बाबतीत आज शास्त्रज्ञ अगदी हेच करतात.

मला हे नाद लागण्याचं कारण घरचं. दोन वर्षांपूर्वी बाबांचं ऑपरेशन फर्स्ट क्लास झालं, पण आयसीयूत सहाव्या दिवशी ताप. रिपोर्टमध्ये नाव आलं, क्लेब्सिएला. जंतू आला कुठून, विचारलं तर उत्तर मिळालं, ‘होतं असं कधीकधी.’ बाबा तीन आठवड्यांनी घरी आले. प्रश्न तिथेच राहिला.

मग मित्राच्या लग्नाला वर्ध्याला गेलो, तेव्हा सेवाग्रामला चक्कर झाली. आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी आहे. कुष्ठरोग झालेल्या या पंडितांची शुश्रूषा गांधीजी स्वतः करत. जवळच कस्तुरबा हॉस्पिटल आणि डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेलं मेडिकल कॉलेज. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर नजर ठेवायला आयसीएमआरने २०१३ मध्ये देशभर जे नेटवर्क उभं केलं, त्यात हे कॉलेजही आहे. खेड्यातलं कॉलेज म्हणून भुवया उंचावू नका बॉस, जंतूला पिनकोड कळत नाही!

नेहमीची लॅब टेस्ट सांगते, जंतू कुठला आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं. पण दोन बेडवर एकच क्लेब्सिएला सापडला, तर तो इकडून तिकडे गेला की दोघांनी वेगवेगळा आणला? इथे ती टेस्ट गप्प बसते.

२०११ साली अमेरिकेत बेथेस्डाच्या एनआयएच हॉस्पिटलमध्ये असंच कोडं पडलं. जूनमध्ये एक पेशंट हा जंतू घेऊन आली. तिला वेगळं ठेवलं, जुलैत डिस्चार्जही दिला. तीन आठवड्यांनी दुसरा पेशंट निघाला आणि आकडा १८ वर गेला. त्यातले ११ दगावले, निदान ६ जण या संसर्गानेच. जंतूच्या जीनोमची जवळजवळ ६० लाख अक्षरं वाचली, तर पेशंटागणिक फरक इनमिन ४१ जागी. पण त्या फरकांवरून दिसलं की पहिल्या पेशंटकडून जंतू तीन वेगवेगळ्या वेळी पसरला होता. म्हणजे ती घरी गेली तेव्हा तो वॉर्डात गुपचूप मुक्कामाला होता, कुणाला लक्षणंच नव्हती.

आपल्याकडे भानगड आणखी वाढते. एनडीएम-१ हे जीन बऱ्याचदा प्लाझ्मिडवर असतं. प्लाझ्मिड म्हणजे जंतूंचा पेनड्राइव्ह, एकाकडून काढून दुसऱ्या जातीच्या जंतूला लावता येतो. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलने २०१० मध्ये छापलेल्या अहवालात कार्बापेनेम या तगड्या औषधांना दाद न देणारे २४ नमुने होते, त्यातल्या २२ मध्ये हेच जीन! अशा वेळी जंतू जुळवून भागत नाही, पेनड्राइव्हही जुळवावे लागतात.

नेटवर्कमधल्या निवडक नमुन्यांचे जीनोम वाचून देशाचं चित्र कळतं. वॉर्डातली साखळी तोडायची, तर मात्र उत्तर त्याच आठवड्यात, त्याच हॉस्पिटलच्या हातात पडायला हवं.