पाण्याच्या कडेला रोवलेली काडी

डिचोलीहून मयेमार्गे नार्व्याला निघालेल्या शाळेच्या स्काऊट पथकाबरोबर मी चालायला आलो होतो. श्रावणातली सकाळ, आभाळ उघडलेलं. तरी निघण्याआधी सरांनी प्रत्येकाची पिशवी रिकामी करायला लावली. कोरडे मोजे आणि बनियन एका प्लास्टिकच्या पिशवीत, काडेपेटी दुसरीत. दोन्हींच्या तोंडाला पीळ घालून वर रबर. छत्र्या मात्र शाळेतच ठेवल्या. वाऱ्यात छत्री सांभाळणाऱ्याचं लक्ष पायांकडे राहत नाही.

एका संघात 6 ते 8 मुलं. पुढे संघनायक, शेवटी त्याचा सहायक, आणि नायकाच्या लगेच मागे सगळ्यांत हळू चालणारा मुलगा. त्याच्या पावलांनी सगळा संघ चालतो. धडधाकट मुलांना हे जड जातं. पण पुढे पळून गेलेल्यांना मागच्यांची वाट बघत पावसात उभं राहावं लागतं, अंगातली ऊब जाते, आणि थंडीने दात वाजायला लागतात ते त्यांचेच.

मयेचं तळं मागे टाकून वर चढलो की जांभ्या दगडाचा सडा. काळ्या, शेवाळलेल्या कातळावर पाय टाकायचा नाही, गवताच्या झुबक्यावर टाकायचा. तिथे सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं पसरली होती. जवळच दवबिंदू नावाच्या किडे खाणाऱ्या वनस्पतीचं एक इवलं रोप, त्याच्या चिकट केसांवर अडकलेला डास. मातीचा थर इतका पातळ, की तिच्यातून न मिळणारं नत्र ही झाडं किड्यांतून मिळवतात. मुलं ओणवी होऊन बघत राहिली. सरांनी घाई केली नाही, हे मला फार आवडलं. नुसते किलोमीटर मोजायचे तर शाळेचं मैदानही पुरतं.

पलीकडच्या उतारावर पावसाने गाठलं. खाली वहाळ होता. एरवी घोट्याएवढ्या पाण्याचा, आता आवाज लांबूनच येत होता.

दिवसाचं खरं काम इथे सुरू झालं. संघनायक नववीतला. त्याने सगळ्यांना काठापासून लांब थांबवलं आणि मोजणी घेतली. मग एक काडी पाण्याच्या अगदी कडेला रोवली. स्काऊटच्या काठीवर फुटांच्या आणि इंचांच्या खुणा असतात. ती काठावरूनच पाण्यात धरून त्याने खोली पाहिली. एक सुकी फांदी वरच्या बाजूला टाकायला लावली आणि ती किती वेगाने खाली जाते ते पाहिलं. पाणी आधी गढूळ पांढुरकं होतं. बघता बघता त्यात लाल रंग उतरला. म्हणजे वर डोंगरात जोराची सर झाली होती, तिथली माती घेऊन पाणी येत होतं. डिचोली हा खाणींचा तालुका. वरचे उघडे उतार आणि मातीचे ढीग पावसाचं पाणी धरून ठेवत नाहीत, सगळं एकदम वहाळात येतं.

थोड्या वेळाने काडी पाण्याच्या आत उभी होती.

‘‘सर, उदक वाडलां,’’ एक जण म्हणाला.

पाणी अजून गुडघ्याखालीच होतं. दोरी होती, बोलाईन गाठ सगळ्यांना येत होती, आणि पलीकडची पायवाट समोर दिसत होती. दोघे-तिघे हात धरून जाऊ म्हणू लागले. पण गुडघाभर वाहतं पाणीही माणसाचे पाय उचलतं, आणि गढूळ पाण्यात खालचा दगड दिसत नाही. सरांनी नायकाकडे पाहिलं, सांगितलं काहीच नाही. तो म्हणाला, ‘‘मागे फिरायचं. डांबरी रस्त्याने जाऊ.’’

लांबचा वळसा पडला. कुणी कुरकुरलं तर सहायक मागून एवढंच म्हणे, ‘‘नायकाने ठरवलंय.’’ पंधरा वर्षांच्या मुलावर एवढा भरवसा टाकणारी शाळा मला मोठी वाटते. वर्गात नापास होण्याची जोखीम असते. इथली जोखीम जिवाची होती, आणि तिचा निर्णय त्याने घेतला.

नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळापाशी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. हा देव मूळचा नदीपलीकडच्या दिवाडी बेटावरचा. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर भक्तांनी लिंग नदी ओलांडून इकडे आणलं, आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. सरांनी हे मंडपात बसवून सांगितलं. मुलांनी ऐकता ऐकता मोजे बदलले.

देवळापासून लांब एका घराच्या पडवीत, घरच्यांना विचारून, चूल मांडली. भिजलेली फांदी कोयत्याने तासली की आतलं लाकूड कोरडं निघतं. त्याच्या ढलप्या, वर घरमालकिणीने दिलेलं नारळाचं सोडण आणि चुडताचे तुकडे. पहिल्या दोन काड्या विझल्या, तिसरी धरली. उकड्या तांदळाची पेज आणि खारातली तोरं. कुणी काही बोलत नव्हतं, वाटी परत पुढे येत होती.

निघण्याआधी नायकाने वहीत हाईकची नोंद लिहिली. वहाळाबद्दल त्याने ‘पाणी जास्त होतं म्हणून परतलो’ एवढंच लिहिलं होतं. सरांनी ते खोडायला लावलं. काडी किती वाजता रोवली, पाणी तिच्या किती पुढे आलं, रंग केव्हा बदलला, सगळं लिहून घेतलं. पुढच्या श्रावणात दुसरा संघ हीच वही घेऊन त्याच वाटेने जाणार आहे.