प्रकाशातून पदार्थ

दोन टॉर्चचे झोत एकमेकांवर सोडले, तर ते सरळ आरपार निघून जातात. पण झोतांतल्या फोटॉनांची ऊर्जा पुरेशी असेल, तर दोन फोटॉनांच्या टकरीत ते दोघेही नाहीसे होऊन एक इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन जन्माला येऊ शकतात. ग्रेगरी ब्रेट आणि जॉन व्हीलर यांनी १९३४ मध्ये हे गणित मांडले.

पुरेशी म्हणजे किती? इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानात सुमारे ५,११,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. समान ऊर्जेचे दोन फोटॉन समोरासमोर आदळले, तर प्रत्येकाने निदान एवढी आणायला हवी. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा फोटॉन जेमतेम दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे तफावत सुमारे दोन लाख पटींची. गॅमा किरण हवेत आणि तेही अतिशय दाट. तेव्हा तसा स्रोत नव्हता. म्हणून दोघांनी त्याच लेखात वेगवान जड अणुकेंद्रांची आडवाट सुचवली.

न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत पुढे तेच झाले. सोन्याच्या अणूतले सगळे ७९ इलेक्ट्रॉन काढून उरलेल्या केंद्राला प्रकाशाच्या ९९.९९५ टक्के वेग दिला. या वेगात केंद्राभोवतीचे विद्युतचुंबकीय क्षेत्र भाकरीसारखे चपटे होते आणि फोटॉनांच्या दाट झोतासारखे वागते. दोन केंद्रे एकमेकांना न शिवता शेजारून गेली, की हे झोत एकमेकांत घुसतात. त्यातून निघालेल्या सहा हजारांहून अधिक इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्या २०२१ मध्ये तिथल्या ‘स्टार’ या संशोधक गटाने जाहीर केल्या. या आकड्यापेक्षा जोड्या कोणत्या कोनांत उडाल्या, हे मला अधिक बोलके वाटते. ती मांडणी खऱ्या फोटॉनांच्या गणिताशी जुळली. तरी हे फोटॉन केंद्राच्या क्षेत्रातले आहेत, मोकळे नव्हेत, हा आक्षेप उरतोच आणि तो रास्त आहे.

मग सारा पदार्थ प्रकाशातूनच आला का? विश्वाच्या पहिल्या काही क्षणांत, तापमान ६०० कोटी केल्विनच्या वर असताना, फोटॉनांपासून जोड्या बनत होत्या आणि जोड्या विझून पुन्हा फोटॉन होत होते. पण प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे एक पॉझिट्रॉन येतो. विश्व थंड होताना हा हिशेब शून्यावर यायला हवा होता. तसे झाले नाही. आज एका प्रोटॉनमागे दीडशे कोटींहून अधिक फोटॉन आहेत, म्हणजे जवळजवळ सगळ्या जोड्या विझल्या आणि चिमूटभर पदार्थ जास्तीचा उरला. ही जास्तीची चिमूट कुठून आली, याचे उत्तर केवळ प्रकाशाच्या टकरीत मिळत नाही.